माझ्या मापाची सायकल

समा भागातल्या त्या सायकलच्या दुकानात, दुकान चालवणाऱ्या ध्वनीबेनने मला एका लाकडी स्टुलावर बसवलं. स्टुलावर खोक्याच्या पुठ्ठ्याचा तुकडा ठेवलेला होता. गुडघे जरा वर घ्या आणि दहापर्यंत मोजा, म्हणाली. मी मोजले. उठून पाहिलं तर पुठ्ठ्यावर दोन खड्डे पडले होते, ओल्या मातीत अंगठे दाबावेत तसे. तिने त्यावर खडू फिरवला, खड्ड्यांचे मध्य शोधले, पट्टी ठेवली आणि वहीत एक आकडा लिहिला. ही तुमची बसण्याची हाडं, ती म्हणाली. सीट या रुंदीची लागणार.

मी चोपन्न वर्षांची आहे. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. मुलांच्या हातात पट्ट्या देऊन वर्गातल्या बाकापासून मैदानावरच्या खांबाच्या सावलीपर्यंत सगळं मोजायला लावलं. पण शिंप्याखेरीज माझं माप कोणी कधी घेतलं नव्हतं. ध्वनीबेनने मला अनवाणी भिंतीला टेकून उभं केलं, पायांच्या मध्ये जाड पुठ्ठ्याचं पुस्तक धरायला लावलं आणि तिथून जमिनीपर्यंत टेप सोडली. मग खांद्यापासून मुठीपर्यंतचा हात मोजला. शाळेतली नोकरी सोडल्यावर दर रविवारी सायकलवर मही नदीकाठच्या सिंधरोटला जाणाऱ्या बायकांच्या घोळक्यात मी ओढली गेले होते, आणि रोड बाईक घ्यायचीच असं ठरवून आले होते. मला वाटलं होतं, रंग बघायचा, दोन फेऱ्या मारायच्या आणि घेऊन जायची.

याआधी रोड बाईक चालवलीय का, तिने विचारलं. एकदा, म्हटलं, कॉलेजात असताना, तेव्हा आम्ही रेसर म्हणायचो. केवढी होती? मी कमरेच्या वर हात ठेवून दाखवलं की आडवी नळी इथे यायची.

ती थांबली. "एटली मोटी? ए तो तमारा मापनी हती ज नहीं," ती म्हणाली, म्हणजे ती तुमच्या मापाची नव्हतीच. आणि पान्याने कुठलासा स्क्रू आवळत सहज विचारत गेली: हाताची शेवटची दोन बोटं बधीर व्हायची ना? मान धरायची? आणि बसायच्या जागी सोलून निघायचं? ज्योतिष्याने पत्रिका बघून सांगावं तसं तिने एकेक बरोबर सांगितलं. मग म्हणाली, सगळ्यांचं होतं, चुकीच्या मापाची असली की.

मला राग आला की आधी कान तापतात. त्या दुकानात, नव्या टायरांच्या वासात, माझे कान असे तापले की मी परत येते म्हणून सांगितलं आणि बाहेर पडले. सायकल न घेता.

तो टायरांचा वास. तो मला सरळ घडियाळी पोळीत, माझ्या माहेरच्या जुन्या गल्लीत, घेऊन गेला, कॉलेजातल्या त्या वर्षीच्या दिवाळीनंतरच्या दिवसांत. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दादासाठी रेसर आणला होता. गर्द तांबडा, गळ्याशी पांढरा पट्टा, खाली वाकलेलं हँडल आणि त्यावर गुंडाळलेली काळी फीत. आमच्या घरात शिरायची वाट इतकी अरुंद की सायकल भिंतीला टेकवली की माणसाने आडवं होऊन जायचं. त्या वाटेत संध्याकाळी आईच्या धुपाचा वास आणि रबराचा वास एकमेकांत मिसळायचे. अण्णा पेडल उलटं फिरवायचे आणि चाकातून बारीक टिकटिक यायची, एखादं चांगलं घड्याळ चालावं तशी. स्वतः अण्णांनी रेल्वेच्या यार्डात जाण्यासाठी बावीस वर्षं एकच काळी सायकल दामटली होती. आमच्या पणजोबांनी गायकवाडी फौजेत घोडा सांभाळला, असं ते सांगायचे, आणि रेसरकडे बघून म्हणायचे की आता हा आपल्या घरचा घोडा.

दादाने तो चार दिवस चालवला. मग त्याच्या मित्राकडे मोपेड आली आणि दादाचं लक्ष सायकलवरून कायमचं उडालं. रेसर माझ्याकडे आला तो कोणी नेत नव्हतं म्हणून. पण तेव्हा मला ते कळलं नाही. मला वाटलं, माझा झाला.

काय सकाळी होत्या त्या. उजाडता उजाडता निघायचं. मांडवी दरवाजाखालून जाताना फुलवाल्यांच्या पाट्या उतरत असायच्या, फाफडावाल्याच्या कढईत तेल नुकतं तापायला लागलेलं असायचं, आणि सुरसागर तलावाच्या पाण्यावर धुक्याची साय धरलेली असायची. पुढे प्रतापनगरचा पूल, आणि पूल उतरला की डभोईचा रस्ता. दोन्ही बाजूंना एरंडाची शेतं, मधूनच कापसाने भरलेला ट्रॅक्टर, आणि कानात फक्त वारा. त्या वाऱ्याचा आवाज मी नंतर कुठेच ऐकला नाही. स्कूटरवर तो येत नाही.

उत्तरायण जवळ आली की रस्तोरस्ती पतंगांचा मांजा लोंबायला लागायचा. अण्णा निघण्यापूर्वी माझ्या गळ्याभोवती सुती पंचा गुंडाळायचे, दोन वेढे, आणि गाठ मागे मानेवर मारायचे. बोटं खरखरीत, ग्रीस मुरलेली. गाठ घट्ट झाली नाही ना म्हणून आत एक बोट घालून बघायचे. रविवारी आम्ही दोघं बसून साखळी धुवायचो, डब्याच्या झाकणात रॉकेल आणि जुना दात घासायचा ब्रश. मग ते सेव-उसळ आणायला जायचे आणि आम्ही त्या रॉकेलच्या हातांनीच, आई ओरडत असताना, तर्रीत पाव बुडवायचो. त्या हातांची आठवण आली की माझा राग आजही अडखळतो. अडखळतो, आणि मग दुप्पट होतो.

कारण सायकल मला होत नव्हती. नळीच्या दोन्ही बाजूंना पाय टेकून मी उभी राहूच शकत नव्हते. चढायचं तर घराच्या पायरीवरून, आणि थांबायचं तर एका अंगाला उडी मारून. सीट पार खाली दाबली तरी पेडल खाली गेलं की कंबर एका बाजूला कलायची, डावी, उजवी, डावी, उजवी, आणि त्या घासण्याने कपड्याला रक्ताचे ठिपके लागायचे. हँडल इतकं लांब की सगळं अंग तळहातांवर यायचं. पाऊण तासाने करंगळी आणि शेजारचं बोट मेल्यासारखं व्हायचं. एकदा प्रयोगशाळेत माझ्या हातून काचेचं चंचुपात्र पडलं. मला कळलंही नाही की ते माझ्या हातात नव्हतं.

मी सांगितलं. आज हे लिहिताना ते पहिल्यांदा लिहायला हवं, की मी सांगितलं होतं. आईला सांगितलं तर तिने खोबरेल तेलात हळद कालवून दिली आणि कोणाला बोलू नकोस म्हणाली. कॉलेजात शर्यतीची तयारी करून घेणाऱ्या सरांना सांगितलं, म्हणजे बोटांचं तेवढं सांगितलं, तर ते म्हणाले, सहन करायला शिका, शर्यत ही सहनशक्तीचीच असते. अण्णांना सांगितलं तर ते बराच वेळ सायकलकडे बघत राहिले आणि म्हणाले, "सवय होईल."

सायकल मोठी आहे असं एकही माणूस म्हणालं नाही. तूच जरा बुटकी, असं मात्र सगळे म्हणाले.

फेब्रुवारीत कॉलेजच्या मुलींची ती शर्यत झाली. आम्ही नऊ मुली होतो. डभोईच्या रस्त्याने केळनपूरच्या पुढे जाऊन परत यायचं होतं. जाताना मी दुसरी होते. पुढची मुलगी माझ्यापासून दोन सायकलींइतकी दूर होती आणि तिचा श्वास मला ऐकू येत होता. ती दमली होती. मी दमले नव्हते. हे मला आजही शपथेवर सांगता येईल, मी दमले नव्हते. मग केळनपूरच्या अलीकडे एक ट्रॅक्टर शेतातून रस्त्यावर आला. मी ब्रेक दाबायला गेले आणि बोटांना ब्रेक सापडला नाही. बोटं होती, ब्रेक होता, पण दोघांची भेट होईना. मी सायकल एरंडात घातली.

फार लागलं नाही. गुडघा फुटला, एवढंच. मी रस्त्याच्या कडेला बसून रडत होते तेव्हा दादा मित्राच्या मोपेडवर मागून आला. घरी आल्यावर अण्णांनी गुडघा धुतला आणि माझ्या केसांवरून हात फिरवत अगदी मायेने म्हणाले की बाळ, मुलींच्या अंगाला हे झेपत नाही.

आणि मी ते मानलं. मी, भूमितीत पैकीच्या पैकी गुण घेणारी, दोन बिंदूंमधलं अंतर सिद्ध करून दाखवणारी, मी ते मानलं. त्यानंतर पस्तीस वर्षं सायकलवर बसले नाही. मुलगी लहान होती तेव्हा तिला सायकल शिकवायचं काम यजमानांकडे दिलं. घरात कोणाचंही लग्न असो, मुंज असो, जेवणं झाली की दादा ती गोष्ट सांगायचा: आमची चॅम्पियन केळनपूरला रस्त्यात कशी भोकाड पसरून बसली होती. तो रडण्याची नक्कल चांगली करतो. सगळे हसायचे. मीही हसायचे. त्याहून वाईट म्हणजे माझ्या वर्गात एक डावखुरी मुलगी होती, लिहायची फळी उजवीकडे असलेल्या खुर्चीत बसून तिची पाठ दुखायची. ती सांगायला आली तेव्हा मी तिला काय म्हणाले असेन, ते सांगायची गरज नाही.

दुकानातून निघाले ती समातच राहणाऱ्या दादाकडे गेले. वहिनी सत्संगाला गेल्या होत्या. दादा गॅलरीत कढीपत्त्याला पाणी घालत होता. जय श्रीकृष्ण, ये ये, म्हणाला. मी म्हटलं, सायकल घ्यायला गेले होते. त्याचा चेहरा लगेच फुलला, नक्कल करण्यासाठी तोंड वेडंवाकडं व्हायला लागलं, आणि मी म्हटलं, "दादा, तो रेसर मला मोठा होता."

त्याने झारी खाली ठेवली. "होच तर," तो म्हणाला. "उस्मानचाचांनी सांगितलं होतं ना अण्णांना."

हे त्याने इतक्या साधेपणाने सांगितलं की मला क्षणभर वाटलं मीच काही विसरले असेन. उस्मानचाचा म्हणजे आमच्या पोळीच्या तोंडाशी बसणारे सायकलचे मिस्त्री. पंक्चर काढायचे, वाकड्या झालेल्या चाकांचा आऊट काढायचे. त्यांनी काय सांगितलं होतं, मी विचारलं. दादा सांगत गेला. शर्यतीच्या महिनाभर आधी तो आणि अण्णा रेसरला हवा भरायला गेले होते. उस्मानचाचा म्हणाले की मुलगी रोज इथून जाते, मी बघतो, सायकल तिला मोठी पडते. माझ्याकडे एक लहान रेसर आलाय, तसाच चांगला आहे. हा इथे ठेवा, तो न्या, वर काही देऊ नका.

"मग अण्णा काय म्हणाले?"

दादाने चष्मा काढला, पुसला, परत घातला. "अण्णा म्हणाले, ही काय, दोन वर्षांत सासरी जाईल. सायकल घरात राहायची आहे."

खाली सोसायटीत कोणीतरी गाडी मागे घेत होतं आणि तिचा पिपाणीसारखा आवाज थांबतच नव्हता. मी तो थांबायची वाट बघितली.

"आणि तू तिथे होतास."

"तिथेच उभा होतो."

"मला का नाही सांगितलंस?"

तो खरंच विचारात पडला. मला दुखवायचं त्याच्या मनात नव्हतं, हे मला दिसत होतं, आणि त्याचाच मला जास्त राग येत होता. मग म्हणाला, "त्यात सांगण्यासारखं काय होतं?"

मी उठले. चहा नको म्हटलं. दारात चपला घालताना त्याला म्हणाले, "ती केळनपूरची गोष्ट आता सांगायची असेल तर उस्मानचाचांपासून सुरू करायची. नाहीतर सांगायची नाही." माझा आवाज चढला नव्हता. वर्गातही मी तो कधी चढवला नाही.

दोन वर्षांत मी सासरी गेले, हे अण्णांचं खरं ठरलं. गेले ती कुठे, तर सुभानपुऱ्याला. घडियाळी पोळीपासून सायकलवर अर्धा तासही लागत नाही. आणि सायकल घरात राहिली, हेही खरं ठरलं. वाटेतल्या भिंतीवर खुंटीला टांगलेली, टायर तडकलेले, सीटवर धुळीचा गालिचा. तिच्यावर पुढे कोणीही बसलं नाही. भंगारवाल्याने नेली तेव्हा मी माहेरीच होते आणि भिंतीवर उरलेली चाकाची काळी गोल रेघ मी फडक्याने पुसली होती.

अण्णांशी भांडायची सोय नाही. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. त्या दिवशी घरी न जाता मी पोळीत गेले. उस्मानचाचांच्या जागी आता मोबाईलची कव्हरं मिळतात. चिकटवायच्या सोल्यूशनचा तो झोंबरा वास नाही, पत्र्याच्या टबातल्या पाण्यात बुडबुडा शोधणारे हात नाहीत. मी रोज सकाळी तिथून जायचे तेव्हा ते दुकानाची फळी उघडत असायचे, हात वर करून म्हणायचे, "धीरे बेटा." मला वाटायचं, वेग बघून म्हणतात. ते वेग बघत नव्हते. त्या सगळ्या पोळीत एकाच माणसाने माझ्याकडे नीट पाहिलं होतं, आणि त्याचं सांगणं माझ्यापर्यंत यायचं तर दोन पुरुषांतून गाळून यायला हवं होतं. ते आलं नाही. लोक धक्के देत जात होते, दुकानदार विचारत होता, बेन, शुं जोईए? मला काय हवं होतं ते त्या दुकानात नव्हतं.

पुढच्या शनिवारी मी परत ध्वनीबेनकडे गेले. एक निळी सायकल माझ्या मनात भरली होती, बारीक, लांब, बाणासारखी. ती म्हणाली, फोटोत छान दिसेल, पण मान रोज शिव्या देईल. मग तिने एक राखाडी काढली. हँडल उंच आणि जवळ, टायर जरा रुंद, नळी मध्येच उतरती. वहीतला आकडा बघून सीट लावली, ब्रेकचे दांडे माझ्या बोटांच्या लांबीला आत घेतले. मी दोन्ही पाय जमिनीला टेकवून उभी राहिले. इतकी साधी गोष्ट. तळपाय पूर्ण जमिनीवर, टाचासुद्धा. दोन दिवस चालवा आणि कुठे दुखतं ते सांगायला या, ती म्हणाली, आणि पुढे: "दुखे तो मारी भूल, तमारी नहीं."

दुखलं तर चूक माझी, तुमची नाही. हे वाक्य मला एकोणिसाव्या वर्षी ऐकायचं होतं, अगदी परक्या माणसाकडूनही चाललं असतं.

रविवारी सिंधरोटला गेलो. महीच्या काठावर बायका वाळूत बसून थेपले काढत होत्या. मी उभी राहून दुखण्याची वाट बघत होते. एकेक बोट मिटून उघडून बघितलं. मान फिरवली. सगळं जिथल्या तिथे होतं, नुसतं पायांना गोड जडपण आलं होतं. बरोबरची म्हणाली, पहिल्यांदा एवढ्या लांब आलात, खूश असाल. मी हो म्हटलं. खरं म्हणजे मी संतापले होते. जरा तरी दुखायला हवं होतं, तर मी अण्णांना थोडं सोडून दिलं असतं. काहीही दुखत नव्हतं, आणि ती पस्तीस वर्षंही अशीच न दुखता जाऊ शकली असती. नदी वाहत होती, पलीकडच्या काठावर कोणी म्हशी पाण्यात घालत होतं, आणि माझे कान तापलेले होते. परत येताना मी सगळ्यांच्या पुढे होते. कोणाला मागे टाकायचं नव्हतं, पण राग उतरेपर्यंत पाय थांबेनात, आणि तो सुभानपुरा येईपर्यंत उतरला नाही.

परवा दादा आला. एकटाच, न सांगता. पाणी प्यायला, यजमानांशी क्रिकेटचं बोलला, मग म्हणाला की गेल्या आठवड्यात वहिनींच्या भाचीच्या साखरपुड्याला कोणीतरी केळनपूरची गोष्ट सांग म्हणालं. त्याने सांगितली, उस्मानचाचांपासून. मी विचारलं, मग?

"कोणी हसलं नाही," तो म्हणाला.

तो उठून व्हरांड्यात गेला, जिथे सायकल उभी असते. घंटी वाजवली, ब्रेक दाबून बघितला, चांगलीय म्हणाला. त्याला आणखी काही बोलायचं होतं. मी दारात उभी राहून त्याला पुरेसा वेळ दिला. त्याने हँडल धरलं, सायकल भिंतीपासून सरळ केली आणि अंगणात एक फेरी मारायला म्हणून पाय उचलला.

"दादा," मी म्हटलं, "ती माझ्या मापाची आहे."

त्याने पाय खाली घेतला.